वाघळाची लेक

काचेपलीकडे नवीचं बोट बटणावर टेकलेलं तिला स्वच्छ दिसत होतं, आणि कानात काहीच नव्हतं. आधी तिला वाटलं, ही पोर उगाच बोट ठेवून बसली आहे, मनात दुसरंच काहीतरी चाललं असेल. मग नवीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, परत खाली पाहिलं, बोट पुन्हा टेकलं. मशीनवरचा हिरवा दिवा लागला आणि विझला. आवाज सोडला की तो दिवा लागतो, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? कान तपासण्याच्या या खोलीत ती वीसेक वर्षं काचेच्या त्या बाजूला बसत आली होती. या बाजूला आज पहिल्यांदाच, आणि तेही गंमत म्हणून. नवे हेडफोन आले होते, शेवटचा पेशंट गेला होता, आणि नवी म्हणाली होती, "ताई, तुम्हीच बसा ना आत, लावून बघू." नवीला कामाला लागून बारा वर्षं झाली होती, पण दवाखान्यात तिला सगळे अजून नवीच म्हणत. ती हसत हसत आत गेली होती. खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, हे तिला बसल्यावर कळलं, आणि इतकी वर्षं कुणी तक्रार कशी केली नाही याचं नवल वाटलं. मग खालच्या पट्टीतले आवाज आले, मधले आले, ती बोट वर करत गेली. ऐकू आलं की बोट वर करायचं, अगदी बारीक असलं तरी, नक्की नसलं तरी. हे वाक्य ती रोज इतक्यांदा बोलत असे की त्यातला अर्थ केव्हाच झिजून गेला होता. आवाज पायरी पायरीनं चढत बारीक होत गेले, आणि एका पायरीनंतर जिनाच संपला. तिला स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं. मानेतली शीर ऐकू येत होती. काचेपलीकडे नवीचा चेहरा आता पेशंटसमोर ठेवायचा तो झाला होता. तो चेहरा नवीला तिनंच शिकवला होता: भुवया हलवायच्या नाहीत, ओठ आवळायचे नाहीत, पुढचं बटण दाबायचं.

"हेडफोनच खराब निघाले बहुतेक," दार उघडून नवी म्हणाली. "नवी वस्तू पहिल्यांदा अशीच नखरे करते."

"जुने लाव."

जुने लावले. जिना तिथंच संपला. मग तिनं नवीला आत बसवलं आणि आपल्या नेहमीच्या जागी येऊन स्वतः बटणं दाबली. नवीचं बोट प्रत्येक वेळी वर गेलं, अगदी शेवटच्या आवाजालासुद्धा, कुणी दोरीनं ओढावं तसं. शेवटी शेवटी ती मुद्दाम आवाज न सोडताच बटणापाशी बोट नेऊन थांबली. नवीचं बोट हललं नाही.

"वरच्या पट्टीत थोडं उतरलंय, ताई," नवी बाहेर येऊन म्हणाली. "बोलणं ऐकायला काही अडचण नाही ना? मग झालं तर."

थोडं उतरलंय हेही वाक्य तिचंच. समोरच्याच्या पायाखालची जमीन एकदम काढून घ्यायची नसते, म्हणून ते बनवलेलं.

"रोज सकाळी मशीन कोण ऐकून बघतं?" तिनं विचारलं.

"मीच. मी आले तेव्हाच तुम्ही सांगितलं होतंत, आता हे तुझं काम म्हणून." नवी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होती. "डॉक्टरांना मी काही बोलणार नाही."

"मी कुठं म्हटलं, बोलू नकोस म्हणून?" तिचा आवाज चढला. मग तिला वाटलं, आपण नेहमीच एवढं मोठ्यानं बोलतो की काय. आणि पर्स उचलून ती निघाली.

बाहेर रस्ता नेहमीसारखा वाहत होता. हॉर्न होते, ब्रेक होते, कुणीतरी दुकानाचं शटर खाली ओढलं त्याचा खडखडाट होता, बसस्टॉपवर दोन बाया एकमेकींना न ऐकता बोलत होत्या तेही होतं. काही गेलेलंच नव्हतं. दात पडला की जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते. पण कानातलं गेलं तर तिथं चाचपायला काहीच नसतं. जे आहे ते सगळं जागच्या जागी आहे आणि जे नाही त्याची जागासुद्धा शिल्लक नाही, असं हे गेलेलं. कधी गेलं? एखाद्या सकाळी? की रोज थोडं थोडं, केस गळतात तसं, आणि आपण रोज त्यावरून फणी फिरवत राहिलो? तिला एकदम स्वतःचं एक नाव आठवलं. वटवाघूळ. नवऱ्याला हे नाव माहीत होतं, लेकीला माहीत होतं, पण कितीतरी वर्षांत घरात कुणी तिला त्या नावानं हाक मारली नव्हती. तिच्या मनात मात्र ते पक्कं होतं, आपल्या उंचीइतकं, रक्तगटाइतकं. आता चालता चालता ते नाव तिच्या अंगावर सैल झालं.

ते नाव रानसरांनी दिलेलं. त्यांचं खरं नाव शाळेच्या दप्तरी असेल, मुलांना ते रानसरच. पँटीचे पायचे मोज्यांत खोचलेला, थोडा पोक आलेला, पन्नाशी उलटलेला माणूस. शाळा काही बड्या लोकांची नव्हती. कुठल्याशा योजनेत शाळेचा नंबर लागला आणि दोन वर्षं दर गुरुवारी शाळेची बस मुलांना शहर संपतं तिथल्या जंगलात घेऊन जाऊ लागली. पहिल्या दिवशी सरांनी कुणालाच नाव विचारलं नाही. दिवसभर नुसतं बघितलं आणि परतताना एकेकाला नाव दिलं. बसमधून सगळ्यांत शेवटी उतरला तो मुलगा कासव. सारखी खात होती ती खार. आणि ती, झाडाखाली बस सुटायची वाट बघताना, दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. "काय झालं?" सरांनी विचारलं. "वरून कुणीतरी टाचण्या टाकतंय," ती म्हणाली. सरांनी वर पाहिलं. उतरत्या उजेडात वटवाघळं सुटली होती. बाकीच्या मुलांनाही त्यातलं थोडंफार ऐकू येत होतं, पण तिला टोचत होतं. सर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, एखाद्याला हरवलेली किल्ली सापडावी तसे. तेव्हापासून ती वटवाघूळ. मुलं चिडवायची, उलटी लटक म्हणायची. तिला वाईट वाटलं नाही. घरात ती चार बहिणींतली तिसरी होती. वेगळं असं काही आपल्याकडे आहे हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

जंगलात दर वेळी कानाचा तास असे. प्रत्येकाला एकेक झाड नेमून दिलेलं. झाडाला पाठ लावून बसायचं, डोळे मिटायचे, आणि नवा आवाज आला की एक बोट वर करायचं. बास, एवढंच. पहिल्या महिन्यात मुलं फिदीफिदी हसायची, मुंग्या चावल्या म्हणून ओरडायची. मग हळूहळू सगळी शांत बसू लागली. तिला अजून त्या सालीचा खरबरीतपणा पाठीला जाणवतो. ती डोळे घट्ट, प्रामाणिकपणे मिटायची, इतके की उघडल्यावर सगळं निळं दिसायचं. तास संपला की सर एकेकाला विचारत, कुणी काय ऐकलं, कुठून. तिला शेवटी विचारत. "बोला वाघूळबाई." आणि ती सांगत असे: पानाखाली काहीतरी खरवडत होतं, उजव्या हाताला. वर खूप बारीक, कात्री चालवल्यासारखं, थांबून थांबून. एकदा खारीनं खोडून काढलं, "खोटं बोलतेय सर, असं काही नव्हतं." सर खारीवर रागावले नाहीत. तिच्यापुढे उकिडवे बसले. "तू ऐकलंस?" "हो." "मग ते आहे." आणि खरंच, ती दाखवेल त्या बाजूला ते चालत गेले आणि एका फांदीखाली अंगठ्याएवढा एक पक्षी सगळ्यांना दाखवला. तू ऐकलंस, मग ते आहे. नऊ वर्षांच्या मुलीला कुणी असं म्हटलं तर ती पुढं काय होईल? ती कान तपासणारी झाली. आईवडील म्हणाले होते, बँकेच्या परीक्षा दे. तिनं ऐकलं नाही.

पुढं शाळेच्या एका समारंभात जुन्या मुलांपैकी एकजण व्यासपीठावरून बोलला होता की जंगलानं आम्हाला घडवलं. तो सिमेंटचा घाऊक व्यापारी होता आणि मनापासून बोलत होता. जंगलानं घडवलं म्हणजे काय, हे तिला कधीच नीट सांगता आलं नाही. ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालते, त्यामुळे तिची चाहूल लागत नाही आणि सासूबाई हयात असेपर्यंत दिवसातून एकदा तरी दचकत. हॉटेलात ती पाठीला भिंत असल्याशिवाय बसू शकत नाही. आणि एखाद्या जागी काय नाही, हे तिला आधी कळतं. इतरांना बाग दिसते, तिला फुलपाखरं नसलेली बाग दिसते. लग्न होऊन या इमारतीत आली तेव्हा शेजारच्या मोकळ्या मैदानात रातकिडे होते. संध्याकाळ पडली की सगळं गवत एकदम कुणी चालू केल्यासारखं वाजू लागे. मग ते कमी झाले. मग एका वर्षी आलेच नाहीत. ती त्या वर्षी आजारी पडल्यासारखी झाली होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती उभी राहिली आणि औषधफवारणीवर, दिव्यांवर, सिमेंटच्या फरशांवर बोलली, आवाज कापेपर्यंत बोलली. रातकिडे आहेत की गेलेत, याकडे बाकी कुणाचं लक्षच नव्हतं; कंटाळून का होईना, लोकांनी मैदानाकडचे दोन मोठे दिवे काढले. त्या अंधारात तळमजल्यावरच्या आजींचा पाय मुरगळला. तरी ती मागे हटली नाही. पाठीमागे लोक तिला रातकिड्यांची आई म्हणत, हे तिला माहीत होतं. त्यात तिला, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानच होता.

आता ती त्याच मैदानाच्या कठड्यापाशी उभी होती. उजेड नुकताच गेला होता. गवत ढोपरापर्यंत वाढलेलं, ओलसर वास, मध्ये कुणी टाकलेली फाटकी चप्पल. तिनं श्वास रोखला. डोळे मिटले. काही नाही. पण या काही नाहीवर आता विश्वास कसा ठेवायचा? वर्षानुवर्षं ती इथं उभी राहून हेच काही नाही ऐकत आली होती आणि त्याचं सुतक पाळत आली होती. बाकावर एक म्हातारे गृहस्थ काठी धरून बसले होते. ती त्यांच्याजवळ गेली.

"काका, रातकिडे ओरडतायत का हो?"

"अं?" त्यांनी कानामागे हात नेला. "मोठ्यानं बोला."

"रातकिडे! ऐकू येतायत का?"

"मला विचारताय?" म्हातारे खुशीत हसले. "अहो बाई, हे कानातलं यंत्र तुम्हीच दिलंय मला. ओळखलं नाहीत? सूनबाई घेऊन आली होती गेल्या महिन्यात. ती म्हणते, सारखी शिट्टी मारतं. तुम्ही म्हणालात, नाही मारत, नीट बसलंय. तेव्हापासून आमच्याकडे वाद चाललाय. मला तर बाई दोन्ही ऐकू येत नाही, ना शिट्टी ना तुमचे किडे."

ती सून तिला आठवली. थकलेली, पदराला ओले हात पुसत बोलणारी, सारखं "अहो पण मला येते ना ऐकू" म्हणणारी. आणि आपण हसून, समजुतीच्या सुरात म्हणालो होतो, घरात ताण असला की असं होतं. किती जणांना असं सांगितलं? कुणाकुणाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास आपण काढून घेतला? "उद्या या दवाखान्यात," ती म्हणाली, "सूनबाईंना घेऊन या. पैसे नकोत. त्यांना नक्की आणा." म्हाताऱ्यानं मान डोलावली, ऐकू आलं होतं की नाही कळायला मार्ग नव्हता, म्हणून तिनं त्यांच्या हातावर हात ठेवून ते पुन्हा, सावकाश सांगितलं.

घराकडे वळायच्या ऐवजी ती कठड्याला टेकली आणि तिनं कासवाला फोन लावला. कासव आता फरशांचं दुकान चालवत होता. वर्षाकाठी एखाददा त्यांचं बोलणं होई. "बोल वाघळा," तो म्हणाला, आणि त्या हाकेनं तिला एकदम रडू फुटेल असं झालं.

"रानसरांना शेवटी शेवटी ऐकू येत होतं का रे?" तिनं विचारलं. हा प्रश्न कुठून आला तिलाच कळलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस. या वयाच्या माणसांचे कान ती रोज बघत होती.

"शेवटी शेवटी?" कासव हसला. "अगं, आपण होतो तेव्हाच येत नव्हतं. किडे नाही, बारीक पक्षी नाही. सगळ्यांना माहीत होतं."

"मला नव्हतं माहीत."

"तुला कसं कळणार? तू तर डोळे मिटून बसायचीस, समाधी लागल्यासारखी. आम्ही फटीतून बघायचो. सर आपल्या बोटांकडे बघत फिरायचे. जास्त करून तुझ्या. तुझं बोट वर गेलं की तेही वर बघायचे, झाडात. मग तू कुठली बाजू दाखवतेस तिकडे जाऊन शोधायचे. खार म्हणायची, सर आपली कॉपी करतात." तो पुन्हा हसला, मग थांबला. "काय झालं गं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुझ्यात काय उरलंय रे त्या जंगलाचं?"

"माझ्यात?" त्यानं विचार केला. "खिसे. चॉकलेटचा कागदसुद्धा रस्त्यावर टाकता येत नाही मला. खिशात भरतो. बायको कपडे धुताना शिव्या घालते. एवढंच बघ. दुकानात फरशा विकतो दिवसभर, आणि खिशात कचरा."

फोन ठेवल्यावरही ती तशीच उभी राहिली. म्हणजे सरांना दया आली नव्हती, कौतुकही वाटलं नव्हतं. त्यांना गरज होती. त्यांच्या जंगलातून आवाज एकेक करून निघून जात होते, आणि तो माणूस जंगल संपलं असं म्हणाला नाही. त्यानं चाळीस पोरं बसवली. आणि एका पोरीला म्हणाला, तू ऐकलंस, मग ते आहे. तिनं मात्र त्या वाक्यातला फक्त 'तू' तेवढा धरून ठेवला होता. मी ऐकलं, मग ते आहे. मला ऐकू येत नाही, मग ते नाही. एवढा साधा हिशोब. आणि त्या हिशोबात आणखी कुणीतरी होतं, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिचे पाय आधीच घराकडे वळले होते, आणि ती जवळजवळ पळत होती.

लेक सात-आठ वर्षांची असेल. खिडकीत उभी राहून म्हणाली होती, "आई, बाहेर सारखं काहीतरी चिरचिरतंय." आणि ती भाजी चिरता चिरता म्हणाली होती, "काही नाही गं. आता काही उरलेलं नाही तिथं. तारेचा आवाज असेल." मुलगी दुसऱ्या दिवशी तेच म्हणाली. आठवड्यानंही तेच. तेव्हा तिला काळजी वाटली. कानात आवाज येणारे पेशंट ती रोज बघत होती. एका रविवारी तिनं लेकीला दवाखान्यात नेलं, काचेच्या खोलीत बसवलं, तपासलं. पोरीचं बोट प्रत्येक आवाजाला वर. तिला काय आनंद झाला होता! वाघळाची लेक, ती म्हणाली होती. परत येताना तिनं लेकीला चॉकलेट घेऊन दिलं आणि समजावलं: "तुझे कान ठणठणीत आहेत. मग ते कानाचं नाही. मनाचं असतं कधी कधी असं. लक्ष नाही द्यायचं." मुलगी शहाणी, तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही. आता ती अकरावीत होती आणि घरात दिवसभर एकच चालू असे: बेल वाजली का गं? नळाला पाणी आलंय ना? दूध नासल्यासारखं लागतंय, की मलाच वाटतंय? दोन वर्षांमागे गाण्याचा क्लास सोडला, म्हणाली माझा सूर लागतोय की नाही ते मला कळत नाही. गाण्याच्या बाई घरी आल्या होत्या सांगायला, की हिच्यासारखा कान नाही वर्गात. मुलगी खोलीतून बाहेर आली नाही. स्वभाव असतो एकेकाचा, असं ती नवऱ्याला फोनवर म्हणाली होती. नवऱ्याची नोकरी फिरतीची, तोही म्हणाला, असतो.

दार लेकीनंच उघडलं. "बेल वाजली ना? मला वाटलं वाजली."

"बाहेर रातकिडे ओरडतायत का?" चपला काढायच्या आधी तिनं विचारलं.

मुलीचा चेहरा सावध झाला. तोंडी परीक्षेत अवघड प्रश्न आल्यासारखी ती आईच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागली. "नाहीत ना? तूच म्हणतेस."

"मी काय म्हणते ते राहू दे. तुला ऐकू येतायत का?"

"किंचित... म्हणजे काहीतरी येतं. तारेचं असेल."

"कधीपासून?"

"कायमच." मुलगी मागे सरकून भिंतीला टेकली. "पण मी लक्ष देत नाही. तू सांगितलं होतंस ना, मनाचं असतं म्हणून. मी कुणाला बोललेही नाही कधी. का? काय झालं? मी वाचलं होतं मागे, डोकं बिघडायला लागतं तेव्हा पहिल्यांदा असे आवाज येतात. मी रोज बघायचे, वाढतंय का. वाढत नाहीये, आई. तेवढंच आहे."

तिनं खुर्ची ओढली, पण बसली नाही. "माझे कान गेलेत," ती म्हणाली. "वरचे आवाज. आज कळलं. रातकिडे आहेत. होतेच. कधी गेलेच नव्हते."

आधी मुलगी हसली, अगदी थोडं, चुकीच्या जागी. मग तिचा चेहरा विस्कटला. "आणि तुला तुझे तपासावेसे नाही वाटले? माझे तपासलेस!"

तिनं ओढलेली खुर्ची पुन्हा जागेवर सारली.

"मग अजून काय काय होतं, जे तू नाही म्हणालीस?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही मला."

मुलगी आत गेली. दार आपटलं, ते तिला व्यवस्थित ऐकू आलं. ती दिवाणखान्यात एकटीच बसली, पर्स मांडीवर तशीच. स्वयंपाक व्हायचा होता. पेशंट रडले तर काय करायचं हे तिला माहीत होतं, पाण्याचा ग्लास पुढं करायचा आणि थांबायचं. चिडले तर काय करायचं तेही माहीत होतं. लेक रडत असेल का? तेही दारापलीकडून बारीक आवाजातलं असेल तर आपल्याला कळणार नाही, असं तिच्या मनात आलं आणि ती उठून दाराला कान लावायला निघाली, तेवढ्यात दार उघडलं.

"पंखा," मुलगी म्हणाली. डोळे लाल होते, पण आवाज कोरडा. "हा. वर्षभर किंचाळतोय. मला अभ्यास सुचत नाही त्यानं. मी बोलले नाही."

तिनं वर पाहिलं. पंखा गुळगुळीत, निमूट फिरत होता. तिनं उठून बटण बंद केलं. पाती मंदावत गेली, थांबली. तिच्या लेखी काहीच बदललं नाही, फक्त मानेवरची हवा गेली. लेकीचे खांदे मात्र खाली उतरले.

"गेला?" तिनं विचारलं.

"गेला. आता टीव्ही."

"टीव्ही बंदच आहे."

"बंद असतानाच करतो तो. मागून."

तिनं टीव्हीची पिन काढली. मुलगी एखाद्या अनोळखी घरात शिरावं तशी एकेक खोली फिरू लागली, आणि ती मागे मागे. स्वयंपाकघरातली ट्यूब. मोबाइलचा चार्जर, नुसता लावून ठेवलेला. पाण्याचं फिल्टर. फ्रिज दोन आवाज काढतो, एक तुलाही येत असेल, दुसरा त्याच्यावर बसलेला आहे. मुलगी बोट दाखवी आणि ती बटण बंद करी. कुठंही मुलीनं, बरोबर ना, असं विचारलं नाही. ती चिडलेली होती, त्या नादात विसरली असेल. शेवटी दाराजवळचा मेन स्विच मुलीनं स्वतःच खाली ओढला. घरात समोरच्या इमारतींचा उजेड तेवढा उरला.

"आता?"

"आता फक्त बाहेरचं." मुलगी खिडकीपाशी गेली. "खूप आहेत, आई. तुला सांगून नाही कळणार किती आहेत." मग तिनं थोडं थांबून खिडकी लावून घेतली, काच दाबून कडी घातली, आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली, हात अंगाला चिकटवून, न हलता.

"आता काहीच नाही," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "तुला रोज हे असं ऐकू येतं?"

"हो."

"किती भकास गं."

"मला वाटायचं, जगच असं झालंय," ती म्हणाली.

खोलीत उकडायला लागलं होतं. दोघींच्या कपाळावर घाम आला. मुलगी सोफ्यावर येऊन बसली, तिच्याजवळ नव्हे, दुसऱ्या टोकाला. "यंत्र लाव," ती म्हणाली. "उद्याच. तुझ्याकडे तर कपाट भरलंय यंत्रांचं."

"लावते."

म्हणता म्हणता तिचा हात नकळत कानाकडे गेला, आणि तिनं एक बट पुढं ओढून बघितली, ती तिथवर पुरते का, झाकेल का. दवाखान्यात प्रत्येक बाई यंत्राचं नाव काढलं की पहिल्यांदा हेच करते. हात तसाच राहिला.

"दिसेल थोडं," सोफ्याच्या त्या टोकावरून मुलगी म्हणाली. "दिसू दे."